समोरून शिकलेली नमाज

पहिल्याच आठवड्यात भांडण झालं, आणि तेही नमाजच्या सतरंजीवर.

इस्लामी प्राथमिक शाळांसाठी शिक्षिका तयार करणारा तो वर्ग शाळेच्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर भरायचा. खाली पहिलीच्या पोरांचा गलका, वर खडूची धूळ. त्या वर्षी चौघीच आल्या होत्या, पण चौघींची तोंडं चार दिशांना. सगळ्यांत वडील खाला, म्हणजे सगळ्यांची मावशी. खालच्याच शाळेत आयाचं काम करता करता तिचे केस पांढरे झाले होते. आता नातवंडं शाळेत जायला लागली आणि तिला स्वतःला बाई व्हायचं होतं. "पोरं मला नाक पुसायला बोलावतात. मरायच्या आधी एकदा तरी पाढे विचारायला बोलवू देत," असं ती म्हणायची. सगळ्यांत धाकटी हाफिजा. अख्खं कुराण तिला लहानपणापासून तोंडपाठ, पण फळ्यावर खडू टेकवला की ओळ उतरणीला लागलीच म्हणून समजा. तिसरी कॉलेजात विज्ञान शिकून आलेली. तिला सगळ्या बीएस्सीच म्हणायच्या.

चौथी होती नवी. हे नाव खालानंच पाडलं. नवी म्हणजे धर्मात नवी. त्याआधी ती दातांच्या दवाखान्यात मदतनीस होती, डॉक्टरांच्या हातात आरसा नि चिमटा देणारी. वर्ष-दोन वर्षांपूर्वी आपल्या मनानं, वाचत वाचत, ती या वाटेला लागली. घरी फक्त आई. आई आपल्या जुन्या श्रद्धेत, लेक आपल्या नव्या. संसार मात्र एकाच गॅसवर.

तर भांडण. दुपारची नमाज चौघी एकत्र पढायच्या. शेवटचा सलाम फिरवून नमाज संपते न संपते तोच खाला बीएस्सीकडे वळली.

"अगं, हात असे लोंबते ठेवून उभी होतीस. बसची वाट बघत होतीस की काय?"

"आमच्या घरी हात सोडूनच पढतात," बीएस्सी म्हणाली. "माझी आई, आजी, पणजी, सगळ्या."

"मग सगळ्याच बसस्टॉपवर म्हणायच्या!"

"आणि तुम्ही पोटावर हात ठेवून उभ्या असता त्या? जेवण जास्त झाल्यासारख्या?"

हाफिजा मधे पडायला गेली. ती स्वतः हात छातीवर बांधायची. "दोन्ही पद्धती आहेत हो, दोन्ही बरोबर..." पण तिचा आवाज कुराणातल्या आयती म्हणतानाच काय तो उंच व्हायचा. बीएस्सीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ती जोडे हातात घेऊनच खोलीबाहेर गेली.

मोठ्या बाईंना हे संध्याकाळपर्यंत कळलं. बाई वर्ग चालवायच्या, कमी बोलायच्या. कोण बरोबर, हे त्यांनी विचारलंच नाही. दुसऱ्या दिवशी सतरंजीच्या कडेला उभ्या राहून एवढंच म्हणाल्या, "या खोलीत एक नियम. जिची तिची नजर जिच्या तिच्या कपाळ टेकायच्या जागेवर. शेजारणीची नमाज शेजारणीची आणि अल्लाहची."

नियम लागू पडला. कुणी कुणाकडे बघेनासं झालं. खाला तर इतकी कटाक्षानं खाली बघायची की सतरंजीचा कुठला धागा निघालाय तेही तिला ठाऊक झालं. सगळ्यांत जास्त बरं वाटलं ते नवीला. पहिल्या दिवसापासून तिला धास्ती होती, की आपलं काहीतरी चुकेल आणि या जन्मापासून नमाज पढणाऱ्या बायका आपल्याकडे बघतील. आता बघणंच बंद. शिवाय नमाजची रुंद ओढणी डोक्यावरून मनगटांच्या खालपर्यंत यायची. आत हात कसे आहेत, ते ओढणीलाच माहीत.

नवी नमाज शिकली ती एकटी. खोलीचं दार लोटून, मोबाइल पुस्तकांच्या चवडीला टेकवून. पडद्यावरची बाई समोरून दिसायची, काही सांगायची नाही, नुसतं पढायची. ती वाकली की ही वाकायची, ती बसली की ही बसायची. शब्द हिनं पुस्तकावरून घोकले, अंगाची हालचाल त्या बाईवरून उचलली. बाहेरून आई विचारायची, "झाला का व्यायाम? पोहे गार होतायत." आई चेष्टा करायची, पण त्या वेळात कुकर लावायची नाही. शिट्टीनं लेकीचं चित्त ढळेल म्हणून.

सहामाहीनंतर सराव-पाठ सुरू झाले. पहिलीच्या पोरांचे चार गट पाडले आणि एकेकीला एकेक गट दिला. धडा होता: नमाजला उभं कसं राहायचं. शाळेत सगळ्या तऱ्हेच्या घरांतली मुलं यायची, म्हणून पाठ्यपुस्तकात हातांपाशी आल्यावर शहाणपणानं एवढंच लिहिलं होतं: हात आपापल्या घरच्या पद्धतीने. बाईंनी सांगितलं, "पोरांना बघून शिकायला काहीतरी हवं. या पाठापुरते सगळ्याजणी हात बांधून दाखवा. ज्यांच्या घरी सोडतात, त्यांना सोडू द्या. कुणी कुणाला हसायचं नाही." बीएस्सीनं मान डोलावली. "पाठापुरते बांधते."

नवीला हे वय आवडायचं. पहिलीत निम्म्या पोरांचे दात हलत असतात, आणि हलणारा दात म्हणजे तिचं माहेर. तिच्या गटात एक मुलगी होती, पुढचे दोन दात पडलेली. तिला सगळे खिडकी म्हणायचे आणि ती त्यावर खूश असायची. तिचा तिसरा दातही हलायला लागला होता.

"बाई, हा आज पडेल?"

"जिभेनं ढकलू नकोस. तो आपण होऊन जाईल. आता इकडे बघ. मी करते तसं करायचं."

मुलांना दिसावं म्हणून नवीनं त्या दिवशी आखूड स्कार्फ बांधला होता आणि स्वेटरच्या बाह्या वर सरकवल्या होत्या. ती मुलांसमोर उभी राहिली, हात बांधले, मुलांनी बांधले. खिडकीनं जीभ दाताला लावून ठेवली होती, तरी हात नीट बांधले.

आठवड्याअखेर सगळी मुलं सभागृहात एका रांगेत उभी केली. बाई एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे चालत गेल्या, पुन्हा मागे आल्या, आणि हसल्या. बाई हसल्या की चौघींना धसका बसायचा.

"उजवा हात वर, डावा खाली," त्या म्हणाल्या. "हात बांधणारे कुठेही बांधोत, वर उजवाच. इथं तीन गटांतल्या पोरांचा डावा वर आहे. एकाच गटाचं बरोबर आहे."

"असं कसं?" बीएस्सी म्हणाली. "मी तर उजवाच वर ठेवला होता. मुद्दाम लक्षात ठेवून."

"मी काय आज पढतेय नमाज?" खाला म्हणाली.

"म्हणूनच. पोरांच्या समोर तोंड करून उभ्या राहिलात आणि स्वतःच्या हातांनी बरोबर केलंत. पोर म्हणजे आरसा. तुमचा उजवा हात ज्या बाजूला, त्या बाजूचा हात ते हलवणार, आणि तो असतो त्यांचा डावा. समोरून दाखवायचं तर उलटं दाखवावं लागतं. हे फक्त हिला सुचलं." बाईंनी नवीच्या खांद्यावर हात ठेवला. "सांग यांना, काय केलंस?"

नवीला काही उमगेना. "मी काहीच नाही केलं, बाई. मी नेहमीसारखेच बांधले."

सगळ्या हसल्या. "आता विनयही हिच्याकडूनच शिका," बाई म्हणाल्या. "शेवटचा पाठ हीच घेईल. परीक्षक येतील, पालक येतील. पहिलीच्या बाई यंदा सोडून चालल्यात, त्यांची जागा भरायचीय, तेव्हा बघणारे नीट बघतील."

बीएस्सीनं तिला कोपर मारलं. "मी तीन वर्षं भिंगं नि आरसे शिकले आणि आरसा कळला तुला!" खाला म्हणाली, "दातवाली आहे ती. उलट्या आरशात बघून कीड काढणारी. आपण कुठं लागतो!"

नवी हसली. मग वजू करायला, नमाजआधीचं हात-तोंड धुवायला, नळाशी गेली, चूळ भरली, तोंड धुतलं, आणि समोरच्या आरशात बघून तिनं सहज हात बांधले. ती चक्क मोबाइलमधली बाई होती. तशीच्या तशी.

तिनं आरशातून नजर काढून स्वतःच्या छातीकडे बघितलं. डावा हात वर होता.

नळ चालू राहिला. दवाखान्यात पहिल्या दिवसापासून तिला घोकवलं होतं: पेशंटची डावी ती आपली उजवी. तिथं ती एकदाही चुकली नव्हती. पण नमाज शिकताना ती मदतनीस नव्हती. पहिलीतलं पोर होती, समोर दिसेल तसं करणारं. मुलं बरोबर शिकली होती ती तिच्या हुशारीनं नव्हे. चूक चुकीशी गुणली गेली आणि उत्तर बरोबर आलं.

त्या संध्याकाळी घरी तिनं हात बदलून बघितले. उजवा वर. हात कुणा दुसऱ्याचे असल्यासारखे वाटले आणि रोजचे, झोपेतही येणारे शब्द मधेच तुटले. पुन्हा सुरुवात, पुन्हा तिथंच अडखळ. आई भाजी निवडत होती.

"आज व्यायाम लांबला गं. काही दुखतंय का?"

"नाही. हात चुकत होते."

आईनं तिच्याकडे बघितलं. "लहानपणी चपला उलट्या घालायचीस तू. मी ओरडले की म्हणायचीस, पोचले की नाही शाळेत?" मग लेकीचा चेहरा बघून ती पुन्हा देठं वेगळी करत राहिली.

हात बदलले की प्रकरण मिटलं, असं नवीनं स्वतःला सांगून बघितलं. कुणाला कळणार होतं? ओढणी होती, नियम होता. पण दोन गोष्टी मिटत नव्हत्या. एक ती शाबासकी, दाढेत अडकलेल्या धाग्यासारखी. जीभ सारखी तिथंच जायची. आणि दुसरी त्याहून मोठी. आजवरच्या नमाजांचं काय? पहाटेच्या, थंडीतल्या, तापात पढलेल्या, दवाखान्याच्या मागच्या खोलीत औषधांच्या खोक्यांमधे उभं राहून पढलेल्या. त्या पोचल्या की वाया गेल्या? याचं उत्तर तिच्या एकटीपाशी नव्हतं, आणि विचारायचं तर सांगावं लागणार होतं. सांगितलं की ती पुन्हा नवी ती नवीच.

दोन-तीन दिवस तिनं असेच काढले. दुपारच्या नमाजला ती खालाच्या शेजारी उभी राहायची, ओढणीआड उजवा हात वर ठेवायची, आणि शब्द सांडायचे. एके दिवशी सलाम फिरवून झाल्यावर खालानं सतरंजीकडेच बघत विचारलं,

"सुरुवातीची सूरह आज तीनदा सुरू केलीस. काय झालंय?"

नवी दचकली. "तुम्ही बघत होतात?"

"बघायचं नाही असं बाई म्हणाल्या. ऐकायचं नाही असं कुणी म्हटलंय? माझे कान काय मी घरी ठेवून येऊ?"

नवीला हसू आलं आणि हसता हसता रडू फुटलं. मग काय, सगळं बाहेर आलं. मोबाइल, समोरची बाई, आरसा, शाबासकी. हाफिजा आणि बीएस्सी जोडे घालता घालता थांबल्या नि परत आत आल्या.

खालानं नवीची सरकलेली ओढणी तिच्या खांद्यावर नीट केली.

"गेल्या ना आजवरच्या सगळ्या नमाजा वाया?" नवीनं विचारलं.

"थांब," बीएस्सी म्हणाली आणि तिच्या समोर मांडी घालून बसली. "माझे हात कुठं असतात?"

"खाली. सुटे."

"डावा वर की उजवा?"

"कुठलाच नाही."

"माझी नमाज होते का?"

नवी घुटमळली. बीएस्सीनं मान खालाकडे वळवली. "खाला, तुम्ही सांगा. माझी होते का?"

पहिल्या आठवड्यातला बसस्टॉप चौघींनाही आठवत होता. खालानं सतरंजीचा तो निघालेला धागा बोटाला गुंडाळला, सोडला.

"होते," ती म्हणाली. "न व्हायला काय झालं? तू मन लावून पढतेस. मीच त्या दिवशी वचावचा बोलले."

"मग बिनबांधल्या हातांची होते, तर उलट्या बांधलेल्या हातांची का नाही होणार?"

सगळ्यांनी हाफिजाकडे बघितलं. ती लाजली, पण या वेळी तिचा आवाज नीट आला. "हात बांधणं ही सुन्नत आहे, पैगंबरांची रीत. ती पाळावी, तिच्यात सौंदर्य आहे. पण ती चुकली म्हणून नमाज तुटत नाही. आणि तुम्हाला तर माहीतच नव्हतं. आता कळलं, आता बदला. मागचं स्वीकारायचं की नाही, ते मागणाऱ्याकडे नाही, देणाऱ्याकडे आहे."

नवीनं ओढणीच्या टोकानं डोळे पुसले. खाला गुडघ्यांवर हात देत उठली.

"चल, ऊठ. बांध हात. समोरून नको बघू माझ्याकडे, ते आरशाचं लफडं नको पुन्हा. इथं ये, शेजारी. खांद्याला खांदा. आता माझ्या हातांकडे बघ."

"पण नियम?"

"नियम नमाजचा आहे. ही काय नमाज आहे? ही शिकवणी आहे. आणि इतकी वर्षं पोरांची नाकं पुसली, पण शिकवणी आज पहिल्यांदाच घेतेय, तर गप बघ."

ओढणी मागे टाकून खालानं हात बांधले. पोटावर. मग नवीकडे बघून, तिच्यासाठी, जरा वर घेतले.

बाईंना सांगायचं काम उरलंच होतं. नवी दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांच्या खोलीत गेली. बाई तपासायच्या वह्यांवर शिक्के मारत होत्या. त्यांनी ऐकून घेतलं आणि शिक्का बाजूला ठेवला.

"म्हणजे तू खरंच नेहमीसारखेच बांधले होतेस."

"हो, बाई. ती शाबासकी माझी नव्हती."

"मी म्हटलं, विनय आहे." बाईंना हसू आलं, पण लगेच गेलं. त्या खिडकीबाहेर मैदानाकडे बघत राहिल्या. "नियम मी केला तो भांडण थांबावं म्हणून. भांडण थांबलं. पण तू इतके महिने माझ्या डोळ्यांसमोर होतीस आणि तुला सांगणारं कुणी नव्हतं. चौघींना नजर खाली ठेवायला सांगताना मीही माझी खाली ठेवली. शिकवणारीनं तसं करून चालत नाही." मग त्या वळल्या. "पाठ कुणाला देऊ आता?"

इथं नवीला गप्प राहता आलं असतं, "तुम्ही ठरवाल तो" म्हणता आलं असतं. पण रात्रभर तिच्या मनात खालाचा खांदा होता.

"मला द्या," ती म्हणाली. "पण मी मुलांसमोर उभी राहणार नाही. सरळही नाही आणि उलटंही नाही. मी रांगेत उभी राहीन, त्यांच्यात."

"परीक्षक विचारतील, शिक्षिका कुठाय?"

"मुलांना दिसले की झालं, बाई."

बाईंनी शिक्का उचलला आणि पुढच्या वहीवर मारला. त्यांच्याकडून तो होकारच असायचा.

शेवटच्या पाठाच्या दिवशी सभागृहात मागे खुर्च्या मांडल्या होत्या. पालक, दोन परीक्षक, आणि शेवटच्या रांगेत, कुणी न सांगता येऊन बसलेली नवीची आई, पर्स मांडीवर घट्ट धरून. बीएस्सीनं तिला पाणी नेऊन दिलं. खाला दाराशी उभी होती, सवयीनं. कुणी रडलंच तर हाताशी असावं म्हणून.

नवीनं मुलांशी बोलायला सुरुवात केली. नमाजला उभं राहिलं की आपण सगळे एकाच दिशेला बघतो, म्हणून आज बाईसुद्धा तिकडेच बघणार. कुणाच्या घरी हात बांधतात, कुणाच्या घरी सोडतात. जे बांधतात त्यांनी शेजारच्याचे हात बघून घ्या, शेजारच्याला काही अडलं तर हळूच सांगा, हा सराव आहे, सरावात सांगितलेलं चालतं. मग ती रांगेच्या मधोमध जाऊन उभी राहिली. तिच्या एका बाजूला खिडकी, जिचा तिसरा दात आता पडला होता, आणि दुसऱ्या बाजूला एक मुलगा, ज्याच्या घरी हात सोडतात. मागून पाहणाऱ्यांना मुलांच्या टोप्या आणि स्कार्फांमधून वर आलेलं एकच उंच डोकं दिसत होतं. एका परीक्षकानं मान लांब करून बघितलं.

"अल्लाहु अकबर," नवी म्हणाली आणि सगळ्यांचे हात कानांपर्यंत गेले.

खाली येताना तिचे हात, माणसांच्या गर्दीत पाय जसे जुन्या वाटेनं जातात, तसे गेले. डावा वर.

शेजारी हालचाल झाली. खिडकी वाकून बघत होती. "बाई," ती कुजबुजली, पण दातांच्या जागेतून शिट्टीसारखा तो आवाज मागच्या खुर्च्यांपर्यंत गेला. "बाई, तो नाही."

आणि तिनं आपल्या छोट्या हातानं नवीचा डावा हात धरून खाली ठेवला, उजवा उचलून त्यावर ठेवला, आणि भाकरीवर झाकण नीट बसलंय का बघावं तसं वरून एकदा थोपटलं. मग आपले हात बांधून ती सरळ उभी राहिली.

मागे कुणीतरी हसलं, बहुधा खाला. नवीनं मागे बघितलं नाही. कपाळ टेकायच्या जागेवर नजर ठेवून तिनं पुढचे शब्द सुरू केले, आणि या वेळी ते तुटले नाहीत.